बोगावाचांची मेणबत्ती

१

मेणबत्ती चोरीला गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. चोरीची वस्तू शोधता येते, मिळाली तर जागेवर ठेवता येते. ही मेणबत्ती जळून गेली होती. जळून गेलेलं काय डोंबल शोधणार, असं मनात म्हणत इन्स्पेक्टर विदा त्या थंडगार खोलीत उभी होती.

ओस्कोरुशा गावातल्या बोगावाचांच्या घरात ती मेणबत्ती सत्तरहून अधिक वर्षं अर्धी जळलेली उभी होती. एकेचाळीस सालच्या नोव्हेंबरात, मिखाइल देवदूताच्या दिवशी, या घरात घराण्याचा सण होता. सर्बियात प्रत्येक घराण्याचा बापाकडून मुलाकडे येणारा एक संत असतो, आणि त्याच्या सणाचं आवतण देत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून कुणी परत पाठवत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी गावातले आणि पंचक्रोशीतले झाडून सगळे पुरुष याच घरात होते. जर्मन शिपायांना दारोदार हिंडावंही लागलं नाही. पहाटे सगळ्यांना वीटभट्टीवर नेलं आणि गोळ्या घातल्या. त्यांच्या एका मेलेल्या शिपायामागे आपली शंभर माणसं, असा तेव्हाचा हिशेब होता, आणि तो साऱ्या देशभर चुकता होत होता. घरात उरलं टेबल, उष्टे पेले आणि अर्धी जळलेली सणाची मेणबत्ती.

पुढे त्या घराचं स्मारक झालं. दोन खोल्या, चार काचेच्या पेट्या. शाळेच्या सहली यायच्या, पोरं बाहेर येऊन गप्प गप्प डबे खायची.

आज तोच दिवस होता. दुपारी पाहुणे येणार होते, पुष्पचक्र वाहिलं जाणार होतं, आणि यंदा प्रथमच ती मेणबत्ती पेटवली जाणार होती. पेटवणार होता ग्वोझदेन बोगावाच, त्या घराण्याचा उरलेला एकुलता एक पुरुष. आयुष्यभर ऑस्ट्रियात लोकांच्या घरांवर कौलं चढवून आता गावी परतला होता. गावच्या पंचायतीने एका प्रार्थनेपुरती परवानगी दिली होती.

आणि सकाळी दार उघडलं तर हे. काचेच्या पेटीचं झाकण उघडं. पितळी शमादानात मेणाचं थारोळं. शेजारी कापलेला सणाचा पाव, उष्टा वाइनचा पेला आणि एका बशीत साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू.

विदाने नाक वर केलं. रात्रभर बंद खोलीत तेलकट, थंड वास कोंडला होता. वीज गेल्यावर घरात येतो तसा.

तिला त्या टेबलावर काहीतरी खुपत होतं. काय ते मात्र सांगता येईना.

२

गावचा अध्यक्ष स्रेतेन दारात येरझारा घालत होता. धिप्पाड माणूस, नवा कोट, आणि कपाळाला थंडीतही घाम.

"यात तपास कसला करायचाय?" तो म्हणाला. "परवा रात्री गुत्त्यात सगळ्यांदेखत ग्वोझदेन मास्तरांवर ओरडला, की माझ्या आजोबांची मेणबत्ती लावायला मला कुणाच्या बापाची परवानगी नको. घ्या, लावली. पाहुणे यायच्या आत त्याला गाडीत घाला म्हणजे झालं."

"मलाच का बोलावलंत मग? तुम्हीच घातला असता."

स्रेतेनने बाहीने कपाळ पुसलं.

मास्तर आत खिडकीपाशी बसले होते. तिहोमिर मास्तर, सत्तरी उलटलेले, गळ्यात करड्या लोकरीचा मफलर. तरुणपणी ते पलीकडच्या बानातच्या सपाट मुलखातून इथे शिक्षक म्हणून आले, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, आणि पक्षवाल्यांनी ज्या काळात देवाधर्माकडे बघायचंही नसे त्या काळात त्यांनी घरोघर फिरून हे स्मारक उभं केलं. भिंतीवरचा मजकूर त्यांचाच होता. विदाने तो शाळेत असताना वाचला होता, आज पुन्हा वाचला. शेवटची ओळ अशी होती, की काचेला नाक लावून उभं राहिलं तर या मेणबत्तीला अजूनही मधाचा वास येतो.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच. एक मास्तरांकडे, दुसरी शेजारच्या यागोदा आजीकडे. आजी रोज सकाळी इथे झाडलोट करायची. ती या घरची लेक, त्या रात्री जेमतेम नऊ वर्षांची. धाकट्या भावाला घेऊन ती पावट्याच्या कणगीत लपली होती म्हणून दोघं वाचली. त्या भावाचा मुलगा म्हणजे ग्वोझदेन. तो आता आत्याकडेच उतरला होता, म्हणजे किल्ली त्याच्या हाताशीच होती.

"माझा त्याच्यावर राग नाही," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "त्याला धीर धरवला नाही, एवढंच. रात्री एकटाच आला असेल, आपला सण केला असेल, आणि मग ती विझवायचा जीव झाला नसेल. बघा ना, पाव, वाइन, गहू, सगळं रीतसर मांडलंय बिचाऱ्याने."

मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे विदाला कळत होतं, आणि म्हणूनच ती बुचकळ्यात पडली.

३

आजीचं स्वयंपाकघर धगीने भरलं होतं. चुलीवर कोबीच्या पानांत गुंडाळलेलं मांस रटरटत होतं, फळीवर सणाचा गोल पाव, जग भरून लाल वाइन, अक्रोडाच्या वड्या. सणाची सगळी तयारी होती आणि सणाचं तोंड मात्र कुणाचंच नव्हतं.

ग्वोझदेन टेबलाशी बसला होता. पन्नाशीचा, रापलेला, अंगावर नवाकोरा काळा सूट. कॉलरची चिठ्ठीसुद्धा काढायची राहिली होती. काल दिवसभर तो स्मारकाच्या छपरावर कौलं बदलत होता, फुकटात. गावातल्या सगळ्यांनी त्याला तिथे बघितलं होतं.

"मी गुत्त्यात ओरडलो ते खरंय," तो म्हणाला. "पण बाई, ज्या मेणबत्तीसाठी मी घरदार विकून परत आलो ती मी रात्री चोरासारखा पेटवीन? माझा बाप परमुलखात मेला. मरताना एवढंच म्हणाला, आपल्या घरची मेणबत्ती विझली. तुम्हाला ठाऊक आहे आपल्यात याचा अर्थ काय ते."

विदाला ठाऊक होतं. वंश बुडाला, घरचा सण मोडला, असं कुणी तोंडाने म्हणत नाही. मेणबत्ती विझली म्हणतात. तिच्या स्वतःच्या माहेरची अशीच विझली होती. वडिलांना मुलगा नव्हता. ती लग्न होऊन सासरी गेली आणि सासरचा संत निकोलस तिचा झाला. नवऱ्याशी फाटलं, तरी संत तोच राहिला. वडिलांच्या घरची मिखाइलची मूर्ती कपाटात चादरीत गुंडाळून ठेवलेली होती.

"आजोबा गेले, चुलते गेले, बाप गेला," ग्वोझदेन कडवटपणे हसला. "आमचा संत तेवढा मरत नाही, माणसं मरतात. आणि आज दुपारी मला बेड्या घालून त्याच घरासमोरून नेणार. छान सण आहे."

यागोदा आजी चुलीपाशी पाठमोरी उभी होती. वाकलेली, काळ्या रुमालातली. एक हात तिने एप्रनच्या खिशात घातला होता आणि विदा आल्यापासून तो बाहेर काढलाच नव्हता. विदा मदतीच्या निमित्ताने तिच्याजवळ गेली. मांसाच्या नि कोबीच्या वासातून एक वेगळाच वास तिच्या नाकाला लागला, गोडसर, उन्हाळ्यातला. तिला उगीचच वडिलांचं अंगण आठवलं.

म्हातारी एकदम वळली.

"त्याला सोड, पोरी. मी जाळली ती. मला ने."

"आत्या," ग्वोझदेन ताडकन उठला.

"गप बस तू. किल्ली माझ्याकडे, घर माझ्या बापाचं. मी लावली आणि विसरले. म्हातारी झालेय."

विदाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "बरं. मग आजी, बशीतला तो गहू तुम्हीच केलात?"

आजीच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग तिने घाईघाईने छातीवर क्रूस काढला.

"गहू?" ती म्हणाली. "आज?"

४

त्या एका शब्दाबरोबर विदाला जे खुपत होतं ते हाती लागलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. निम्मं आयुष्य सासरी काढलं की माणूस माहेरची रीत विसरतो, म्हणतात ते खोटं नाही. संत निकोलसच्या दिवशी ती दरवर्षी न चुकता गहू शिजवत आली होती. सण म्हटला की गहू, असं तिच्या डोक्यात बसूनच गेलं होतं.

ती स्मारकात परत गेली. बशी उचलून खिडकीशी नेली, बोटाच्या टोकाने थोडं चाटून पाहिलं. घरी गहू पाट्यावर वाटतात किंवा यंत्रातून काढतात, तो जाडाभरडा राहतो. हा रव्यासारखा बारीक होता आणि त्याला व्हॅनिलाचा वास होता. बशीच्या काठाशी कुणीतरी पुसायला विसरलेला पांढरा साईचा फराटा वाळून चिकटला होता. शहरातल्या मिठाईच्या दुकानात असा गहू पेल्यात भरून, वर फेटलेली साय घालून विकतात. पोरंटोरं चमच्याने खातात.

तिने स्रेतेनला अंगणात गाठलं.

"काल शहरात कोण कोण गेलं होतं?"

"मी आणि मास्तर. पुष्पचक्र आणायला, माझ्याच गाडीतून. का?"

"मिठाईच्या दुकानात थांबलात?"

"मी नाही. मास्तर म्हणाले, गारठलोय, काहीतरी गोड घेऊन येतो. मी फुलवाल्याशी घासाघीस करत होतो."

"स्रेतेन, तुमच्या घरचा संत कुठला?"

"हाच की. मिखाइल."

"मग आज तुमच्या घरी गहू केला असेल ना?"

स्रेतेनला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "काय बाई, पोलिसात जाऊन धर्म बुडवलात की काय? गहू मेलेल्याच्या नावाने करतात. बाकीचे संत माणसं होते, ते मेले, म्हणून त्यांच्या सणाला गहू. मिखाइल देवदूत आहे, तो कधी मेलाय? शहरातले पाद्री काय सांगायचं ते सांगोत, आमच्याकडे आजच्या दिवशी कुणी गहू शिजवला तर सासू सुनेला..."

बोलता बोलता त्याचं हसू मावळलं. त्याने आधी बंद खिडकीकडे बघितलं, मग विदाकडे.

"ग्वोझदेनने ठेवलाच नसता," तो हळूच म्हणाला.

"या गावात जन्मलेल्या कुणीच ठेवला नसता," विदा म्हणाली आणि आत गेली.

५

मास्तर तसेच बसले होते. विदाने बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि स्वतः खुर्ची ओढून घेतली.

"मास्तर, या टेबलावर तुम्ही इतकी वर्षं पाव मांडलात, पेले मांडलेत. गहू कधीच का नव्हता, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही?"

मास्तर बशीकडे बघत राहिले. "नासतो म्हणून," ते म्हणाले. "मला वाटलं, नासतो म्हणून ठेवत नाहीत."

"तुम्ही या गावात कधी कुणाच्या सणाला गेलात?"

"तेव्हा जाता येत नसे. शिक्षक सणाला गेला तर नोकरी जायची. आणि पुढे..." त्यांनी हात हलवला. "पुढे सवयच नव्हती. लोक बोलवत नाहीत ना या सणाला. न बोलावता कसं जायचं, ते मला कधी जमलं नाही."

त्यांनी आणखी काही लपवलं नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी, फार उकाड्यात, मेणबत्ती वाकली. सरळ करायला त्यांनी पेटी उघडली, मेणबत्ती उलटी केली आणि बुडाशी साच्याचा जोड दिसला. कारखान्यातली मेणबत्ती. एकेचाळीस साली या डोंगरात मधमाशीच्या मेणाच्या, हाताने वळलेल्या मेणबत्त्या असायच्या. नाकाला लावली तर मध नाही, काहीच नाही. खरी कुठे गेली, कधी बदलली, की पहिल्यापासूनच खोटी होती, त्यांना उमजेना. ज्या मजकुराखाली शाळेच्या तीन पिढ्या रडल्या तो त्यांनी नाकाने वास न घेता लिहिला होता. काचेतून कसला वास येणार? यायला हवा होता म्हणून लिहिला.

"आज ग्वोझदेनने सगळ्यांदेखत ती पेटवली असती," मास्तर म्हणाले, "आणि खोलीभर दुकानाचा वास सुटला असता. यागोदाला कळलंच असतं. मी लोकांना सांगितलेलं सगळंच खोटं, असं लोक म्हणाले असते. मग वीटभट्टीही खोटीच म्हणायला कुणी कमी करत नाही, इन्स्पेक्टरबाई. असले लोक हल्ली आहेत."

"म्हणून तुम्ही त्या माणसाचा बळी दिलात. त्याच्या आजोबांच्या टेबलावर."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं होतं की ग्वोझदेनला लोक ओरडतील नि विसरतील. स्रेतेन पोलीस बोलावेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. शहाणा माणूस चुकतो तेव्हा असाच चुकतो, पुढचं पाऊल सोडून बाकी सगळा विचार करतो. विदाला त्यांचा संताप आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

बाहेर पाहुण्यांची बस येऊन थांबली होती.

"मी सांगतो सगळ्यांना," मास्तर उठत म्हणाले. "आत्ताच. मात्र एक सांगा, खरी कुठे असेल? शिपायांनीच जाळली असेल ना?"

विदा उत्तर देणार होती. तेवढ्यात तिला तो गोडसर वास आठवला, आणि खिशातून न निघालेला हात.

६

मास्तरांनी अंगणात, बसमधून उतरलेल्या कोटवाल्यांसमोर आणि गावासमोर, काही न गाळता सगळं सांगितलं. स्रेतेनने टोपी काढून हातात घेतली. ग्वोझदेन दाराशी उभा होता, तो मास्तरांकडे न बघता म्हणाला, "म्हणजे ती आमची नव्हतीच. बाप म्हणाला ते बरोबरच होतं. कधीच विझली."

"नाही रे," यागोदा आजी म्हणाली.

विदा तिच्या शेजारीच उभी होती. "काढा आता, आजी," ती हळूच म्हणाली. "पोलीस म्हणून सांगत नाही."

म्हातारीचा हात खिशातून बाहेर आला. मुठीत तपकिरी, काळपट मेणाचा तुकडा होता, अंगठ्याएवढा.

मास्तर स्मारकासाठी वस्तू मागायला आले तेव्हा तिने सगळं दिलं होतं. मूर्ती, पेले, बापाची टोपी. मेणबत्ती देववेना. काचेत ठेवलेली मेणबत्ती मेलेलीच की. तिने शहरातून एक विकत आणली, अर्धी जाळली आणि ती दिली. खरी घरी ठेवली. दरवर्षी या दिवशी, नवऱ्याला चोरून, एका प्रार्थनेपुरती लावायची आणि रीतीप्रमाणे वाइनच्या थेंबाने विझवायची. लेकीला माहेरची मेणबत्ती लावायचा हक्क नाही हे ठाऊक असून. आज पहाटे, ग्वोझदेनच्या हातून खरीच लागावी म्हणून, ती हा तुकडा पेटीत ठेवायला आली होती. पण खरी इतकी झिजलेली, आणि पेटीतली तर जळून गेलेली.

"मला वाटायचं, कुणीतरी माणूस येईपर्यंत पुरेल," आजी म्हणाली. "दरवर्षी वाटायचं, ही शेवटची. मग अजून थोडी उरायची."

ग्वोझदेन पायरीवर बसला. नव्या सुटातला तो रापलेला गडी ढसाढसा रडला आणि कुणी त्याला आवरलं नाही.

मग ती दोघं आत गेली. गाव मागोमाग गेलं. शमादानातलं दुकानाचं मेण विदानेच खरवडून काढलं, ती बशी उचलून बाहेर नेली आणि गहू कोंबड्यांना टाकला. तुकडा शमादानात उभा केला. ग्वोझदेनने काडी ओढली, ज्योत धरली, आणि मेणबत्तीपर्यंत नेण्याऐवजी आत्यापुढे केली.

"लाव तू."

"मी लेक आहे रे या घरची. मुलगा नाही."

"इतकी वर्षं कोण लावत होतं?"

आजीने काडी घेतली. विदाला कपाटातली चादर आठवली, आणि आज घरी गेल्यावर ती सोडायची, असं तिने ठरवून टाकलं.

मेणबत्ती लागली. लोकांनी प्रार्थना म्हटली. सगळे आत होते, फक्त मास्तर अंगणात उभे होते, मफलर घट्ट आवळून, जायचं की थांबायचं ते न कळून. आजीने त्यांना दारातून पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बाहेर गारठा आहे. आज कुणाला बोलवायची रीत नाही, म्हणून मी बोलवत नाही. पण दार उघडं आहे."

मास्तर उंबऱ्यापर्यंत आले. तिथे जरा थांबले. मग गावातला प्रत्येक जण म्हणतो आणि त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "सण सुखाचा जावो, यजमानीणबाई."

ते आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तुकडा लहान होता, खोली थंड होती, तरी वास हळूहळू कोपऱ्यापर्यंत गेला. मास्तरांनी डोळे मिटले. भिंतीवर त्यांच्याच हातची ओळ होती, आणि त्यांना पहिल्यांदाच मधाचा वास आला.